हिसार्लिकची पांढर: ट्रॉयचं युद्ध कुठल्या थरात शोधायचं?

ट्रॉयचं युद्ध खरंच झालं का, असं कुणी विचारलं की मी आधी टेकडीबद्दल बोलतो. ज्याच्या इलियड या काव्यात ते युद्ध येतं, तो ग्रीक कवी होमर नंतर.

तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला, डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीपासून साधारण सहा किलोमीटर आत हिसार्लिक नावाचं टेकाड आहे. आपले पुरातत्त्वाचे लोक ज्याला पांढरीचं टेकाड म्हणतात, तसलंच. एका उंचवट्यावर माणसं राहायला आली, त्यांची कच्च्या विटांची घरं पडली, पडलेल्या मातीवर पुढच्यांनी जोती घातली, आणि हे तीन हजारांहून अधिक वर्षं चालू राहिलं. वस्तीचा ढीगच पंधरा मीटरच्या वर साचला. अभ्यासकांनी त्याचे नऊ मुख्य थर पाडलेत. सगळ्यांत खालचा ट्रॉय १, वरचा रोमन काळातला ट्रॉय ९. मधल्या थरांना पुन्हा पोटथर आहेत आणि सगळा वाद त्या पोटथरांतच आहे.

बालेकिल्ल्याचा पसारा जेमतेम दोनशे मीटर. इलियडमध्ये ट्रॉयच्या प्रायम राजाचे पन्नास मुलगे आपापल्या बायकांसह एकाच वाड्यात राहतात. हा बालेकिल्ला पाहिल्यावर ते पन्नास जण इथे कुठे राहत असतील, असं मनात येतंच.

या प्रकरणात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गेल्या दीडशे वर्षांत ट्रॉयचं युद्ध या टेकडीत तीन वेगवेगळ्या थरांत 'सापडलं' आहे. आधी दुसऱ्यात, मग सहाव्यात, मग सातव्याच्या पहिल्या पोटथरात. टेकडी तीच, काव्य तेच, तरी युद्धाचा थर दर पिढीत बदलला. असं का झालं ते समजलं, की प्रश्न कुठे चुकतोय तेही कळतं.

नीळ विकून आलेला माणूस

हाइनरिश श्लीमानचं नाव सगळ्यांना माहीत असतं. जन्म १८२२, सेंट पीटर्सबर्गमध्ये निळीच्या व्यापारात गडगंज पैसा, आणि मग होमर शब्दशः खरा आहे हे सिद्ध करण्याचा ध्यास. फ्रँक कॅल्व्हर्टचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. कॅल्व्हर्टचं कुटुंब डार्डनेल्सकाठीच राहत होतं. हिसार्लिकचा पूर्वेकडचा भाग त्याच्या मालकीचा होता आणि १८६०च्या दशकात त्याने तिथे स्वतः चाचणी खड्डे घेतले होते. त्या वेळी बहुतेक विद्वान ट्रॉय दक्षिणेकडच्या पिनारबाशी गावाजवळ शोधत होते. १८६८ साली श्लीमान आला तोही आधी तिथेच खणला. हिसार्लिकची खात्री त्याला कॅल्व्हर्टने पटवली. पुढे सगळं श्रेय एकट्या श्लीमानकडे गेलं.

१८७१ ते १८७३ या काळात श्लीमानने टेकडीच्या पोटातून उत्तर-दक्षिण असा प्रचंड चर काढला. त्याचा हिशेब साधा होता: होमरचं ट्रॉय फार जुनं, म्हणजे ते तळाशी असणार. त्यामुळे वरचं जे मिळेल ते उचलून बाजूला टाकायचं. उत्खननात थर उलगडताना वरचा थर आधी पूर्ण नोंदवून मगच खाली उतरायचं असतं, कारण एकदा काढलेला थर परत जागेवर ठेवता येत नाही. श्लीमानच्या चरात भिंतीच्या भिंती नाहीशा झाल्या. टेकडीचा माथा त्याच्या दोन हजार वर्षं आधी अथेनाचं देऊळ बांधणाऱ्यांनी छाटून सपाट केला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण छाटणीतून उरलेलं त्याच्या कुदळींनी गेलं, हेही तितकंच खरं. या नुकसानीबद्दल वाचताना मला आजही वाईट वाटतं.

१८७३च्या मे महिन्याच्या अखेरीस त्याला सोनं लागलं. शिरोभूषणं, कर्णभूषणं, हजारो बारीक मणी. त्याने त्याला 'प्रायमचा खजिना' म्हटलं, ऑटोमन सरकारच्या नजरेआड ग्रीसला नेलं, आणि ते दागिने ल्यालेल्या त्याच्या बायकोचं, सोफियाचं छायाचित्र जगभर गेलं. तो खजिना हाती लागला तेव्हा सोफिया शेजारी होती असं त्याने लिहिलं. प्रत्यक्षात ती त्या दिवसांत अथेन्सला होती. ऑटोमन सरकारने दावा लावला आणि भरपाई घेतली. खजिना पुढे बर्लिनला गेला, १९४५ साली सोव्हिएत सैन्याने तो उचलला, आणि आज तो मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे.

हे सोनं ट्रॉय २ या थरातलं. त्या थराचा काळ इ.स.पू. २५५० ते २३००च्या सुमाराचा. म्हणजे ज्या युद्धाची बात चालली होती, त्याच्या हजाराहून अधिक वर्षं आधीचा. कॅल्व्हर्टने १८७३ सालीच छापून सांगितलं होतं की श्लीमानच्या थरांमध्ये एक मोठा काळ गहाळ आहे, आणि तो नेमका ट्रॉयच्या युद्धाचा काळ आहे. श्लीमानने त्याला शत्रू ठरवलं. १८९०च्या मोसमात बालेकिल्ल्याच्या कडेला, श्लीमानच्या ट्रॉयपेक्षा बऱ्याच वरच्या थरात, मायसीनीच्या, म्हणजे युद्धाच्या काळातल्या ग्रीसच्या धाटणीची खापरं निघाली. कॅल्व्हर्ट बरोबर होता हे तेव्हा श्लीमानला कळून चुकलं असणार. त्याच वर्षी २६ डिसेंबरला नेपल्समध्ये त्याचा मृत्यू झाला.

सहावा की सातवा?

श्लीमानचा सहकारी विल्हेल्म ड्योर्पफेल्ट वास्तुविशारद होता. १८९३-९४ मध्ये त्याने ट्रॉय ६ची तटबंदी मोकळी केली आणि पहिल्यांदा लोकांना वाटलं की हे शहर काव्याला शोभतं. घडीव चुनखडीचे दगड, ठरावीक अंतरावर उभ्या खाचा, आणि भिंतीला बाहेरच्या बाजूने उतार. इलियडच्या सोळाव्या सर्गात ग्रीक वीर पॅट्रोक्लस तीनदा भिंतीच्या कोनावर चढतो आणि अपोलो देव त्याला तीनदा ढकलतो. उतरत्या तटावर ते शक्य आहे. सहाव्या सर्गात अँड्रोमाकी आपल्या नवऱ्याला, ट्रॉयचा वीर हेक्टर याला सांगते, रानअंजिराजवळ सैन्य उभं कर, तिथली भिंत चढायला सोपी आहे. ड्योर्पफेल्टला पश्चिमेच्या बाजूला तटाचा एक जुना, कच्चा तुकडा मिळाला, जो नव्याने बांधायचा राहून गेला होता. असे दाखले वाचून अंगावर काटा येतो. माझ्याही येतो. पण अंगावरचा काटा हा पुरावा नव्हे.

१९३२ ते १९३८ या काळात अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठाच्या कार्ल ब्लेगनने हीच टेकडी फार सावधपणे पुन्हा खणली. ट्रॉय ६च्या शेवटच्या पोटथरात त्याला भेगाळलेल्या, सरकलेल्या भिंती आणि एका दिशेने कोसळलेले दगड दिसले. त्याचा निष्कर्ष: हे शहर इ.स.पू. १३००च्या सुमारास भूकंपाने पडलं. मग त्याचं लक्ष ट्रॉय ७अ या थराकडे वळलं.

हा थर जवळून पाहण्यासारखा आहे. सहाव्या थरात बालेकिल्ल्याच्या आत ऐसपैस, सुटे वाडे होते. सातव्यात त्याच तटाला चिकटून छोट्या खोल्या उभ्या राहिल्या, एकमेकींच्या भिंती वापरणाऱ्या. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठाले रांजण, तोंडावर सपाट दगडाचं झाकण, म्हणजे त्यावरून चालताही येईल. धान्य, तेल, जे साठवता येईल ते साठवायचं आणि वर संसारही करायचा. ब्लेगनने यातून वेढ्याची तयारी वाचली. शहर शेवटी आगीत गेलं. घरांत आणि गल्ल्यांत माणसांच्या हाडांचे तुकडे मिळाले. एका गल्लीत ब्राँझचं एक बाणाचं टोक मिळालं, ग्रीक मुख्यभूमीवरच्या धाटणीचं.

एक बाण. यावर ब्लेगनने म्हटलं, हेच होमरचं ट्रॉय.

इथे थोडं थांबलं पाहिजे. रांजण पुरणं हे वेढ्याचं लक्षण असू शकतं, तसंच भूकंपानंतर बाहेरची माणसं तटाच्या आत राहायला आल्याचंही असू शकतं. आगीवरून आग लावणाऱ्याचं नाव कळत नाही. त्यातून काळाचा पेच वेगळाच. ब्लेगनने ७अचा शेवट तेराव्या शतकाच्या मध्याकडे धरला होता. खापरांचा पुढचा अभ्यास तो इ.स.पू. ११८०च्या आसपास आणतो. आता ग्रीसकडे बघा. मायसीनी, टायरिन्स, पायलोस इथले राजवाडे इ.स.पू. १२०० ते ११८०च्या दरम्यान स्वतःच उद्ध्वस्त होत होते. स्वतःचं घर पेटलेलं असताना हजारावर जहाजं घेऊन समुद्रापार दहा वर्षं तळ कोण ठोकणार?

अडचण अशी दुहेरी आहे. ट्रॉय ६ पडलं तेव्हा ग्रीक राजे बलाढ्य होते, पण शहर बहुधा भूकंपाने पडलं. ट्रॉय ७अ आगीत, बहुधा हल्ल्यात पडलं, पण तेव्हा ते ग्रीक राजे उरलेच नव्हते. काही अभ्यासकांनी सांधा जुळवायला सुचवलं की ज्यात लपून ग्रीक शहरात शिरले तो कथेतला लाकडी घोडा म्हणजे भूकंपच, कारण पोसायडन हा भूकंपाचाही देव आणि घोड्यांचाही. कल्पना सुरेख आहे. मला ती पटत नाही, कारण अशा रीतीने कुठल्याही काव्यातलं काहीही कुठल्याही थराशी जुळवता येईल.

हट्टुशाची पत्रं

या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा हिसार्लिकमधून आलेला नाही. तो अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या आशियाई तुर्कस्तानच्या मध्यावर, हित्ती साम्राज्याच्या राजधानीत, हट्टुशाच्या दप्तरात मिळाला. तिथे १९०६ पासून कीलाक्षरी लिपीतल्या मातीच्या पाट्या हजारोंनी निघाल्या. त्यांत पश्चिमेकडच्या 'विलुसा' नावाच्या मांडलिक राज्याचा उल्लेख वारंवार येतो, आणि समुद्रापलीकडच्या 'अहियावा' नावाच्या सत्तेचाही.

ग्रीकमध्ये ट्रॉयचं दुसरं नाव इलिऑस. त्याच्या आधी 'व' होता, तो पुढे उच्चारातून गळाला, पण होमरच्या छंदात त्याची जागा अजून जाणवते. म्हणजे मूळ विलिऑस. आणि होमर ग्रीकांना 'अखायोई' म्हणतो, मूळ रूप 'अखायवोई'. अहियावा म्हणजे अखायन, हे एमिल फोररने १९२४ मध्येच सुचवलं होतं. कित्येक दशकं त्याला लोकांनी उडवून लावलं. मग १९९८ मध्ये डेव्हिड हॉकिन्सने इझमीरजवळच्या काराबेल खिंडीतला कोरीव लेख वाचला, त्यात मिरा देशाच्या राजाचं नाव निघालं, आणि पश्चिम अनातोलियाच्या नकाशात एक खुंटी पक्की बसली. त्याभोवती बाकीची राज्यं लावत गेल्यावर विलुसाला वायव्य कोपराच उरतो. आज बहुतेक अभ्यासक विलुसा म्हणजे ट्रॉय हे मान्य करतात.

इ.स.पू. १२८०च्या सुमारास हित्ती राजा मुवाताल्ली दुसरा याने विलुसाच्या राजाशी तह केला. त्या राजाचं नाव अलक्सांदू. इलियडमध्ये हेलनला पळवणाऱ्या पॅरिसचं दुसरं नाव अलेक्झांड्रॉस. तहाला साक्षी ठेवलेल्या विलुसाच्या देवांत एक 'अपालिउना'सारखं नाव आहे. होमरमध्ये अपोलो ट्रॉयच्याच बाजूने लढतो. म्हणून अलक्सांदू हाच पॅरिस असं म्हणायची घाई मात्र करू नये. नाव त्या भागात फिरत होतं आणि पुढच्या कवींच्या हाती आलं, एवढंच त्यातून निघतं.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणात एका तुटक्या पाटीइतकी मोलाची दुसरी वस्तू नाही. अभ्यासक तिला तवागलावा पत्र म्हणतात. हित्ती राजाने, बहुधा हत्तुसिली तिसरा याने, तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अहियावाच्या राजाला पाठवलेलं हे लांबलचक पत्र आहे. त्याची फक्त तिसरी पाटी उरली आहे. तक्रार पियामारादू नावाच्या बंडखोराची. तो हित्तींच्या मुलखात धुमाकूळ घालतो, माणसं पळवून नेतो आणि अहियावाच्या आश्रयाला जातो. हित्ती राजा अहियावाच्या राजाला 'भाऊ' म्हणतो, म्हणजे बरोबरीचा मानतो. आणि त्याला सुचवतो की तू पियामारादूला असं लिही: विलुसाच्या बाबतीत हित्तींच्या राजाचं आणि माझं वैर होतं, पण त्याने माझं मन वळवलं, आता आमचा समेट झाला आहे.

विलुसाच्या बाबतीत. वैर होतं. समेट झाला.

हेलन नाही, घोडा नाही, दहा वर्षं नाहीत. मूळ हित्ती शब्दाचा अर्थ शत्रुत्वापासून प्रत्यक्ष लढाईपर्यंत काहीही होऊ शकतो. तरी हे त्या काळातल्या राजाचं, त्या काळात लिहिलेलं वाक्य आहे. ट्रॉयवरून ग्रीक सत्तेचं कुणाशी तरी वाजलं होतं, हे यापेक्षा स्पष्ट दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय हे एकदाच घडलं असंही नाही. त्याच्या दीडेकशे वर्षं आधी आसुवा नावाच्या राज्यसंघाने हित्तींविरुद्ध उठाव केला होता, त्यातही विलुसिया हे नाव आहे. त्यानंतरच्या एका पत्रात विलुसाचा राजा वाल्मू गादीवरून हाकलला गेल्याचं कळतं. विलुसाचा झगडा दोनेकशे वर्षं अधूनमधून पेटत राहिला.

खालच्या पेठेचा वाद

१९८८ पासून ट्युबिंगेन विद्यापीठाचे मानफ्रेड कोर्फमान यांनी पुन्हा खोदकाम सुरू केलं. त्यांचा प्रश्न होता: बालेकिल्ला एवढासा, मग शहर कुठे? चुंबकीय सर्वेक्षणात दक्षिणेला साधारण चारशे मीटरवर एक मोठी रेघ दिसली. आधी ती भिंत वाटली. खणल्यावर निघाला खडकात कोरलेला खंदक, तीन-चार मीटर रुंद. रथ अडवायला पुरेसा. कोर्फमान म्हणाले, खाली मोठी पेठ होती, सगळं मिळून वस्ती काही हजारांची. ७अच्या थरात गोफणगुंड्यांचे ढीगही त्यांनी दाखवले.

२००१ साली जर्मनीत भरलेल्या प्रदर्शनात त्या पेठेची दाट घरांनी भरलेली लाकडी प्रतिकृती मांडली गेली. त्यावर त्याच विद्यापीठातले प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक फ्रांक कोल्ब तुटून पडले: एवढी घरं सापडलीच कुठे आहेत? फेब्रुवारी २००२ मध्ये ट्युबिंगेनला परिसंवाद झाला, वर्तमानपत्रं या वादाने भरून गेली. मला वाटतं खालची वस्ती खरी होती, पण प्रतिकृतीत पुराव्यापेक्षा कल्पना जास्त होती. खणलेला भाग थोडा होता आणि प्रेक्षकाला कुठे सापडलेलं संपतं नि कुठे अंदाज सुरू होतो, हे कळायला मार्ग नव्हता.

त्या हंगामांतला एक छोटा शोध या वादात झाकला गेला. १९९५ मध्ये एक ब्राँझची मुद्रा मिळाली, दोन्ही बाजूंनी लेख, लिपी लुवियन, म्हणजे अनातोलियातल्या एका प्राचीन भाषेची चित्रलिपी. एका बाजूला एका लेखनिकाचं नाव, दुसऱ्या बाजूला एका स्त्रीचं. ब्राँझयुगीन ट्रॉयमधला आजवर मिळालेला हा एकमेव लेख. इलियडमध्ये ट्रॉयचे लोक ग्रीकांशी ग्रीकमध्ये बोलतात, त्यांचे देव तेच, शपथाही त्याच. मुद्रेतलं ट्रॉय अनातोलियाचं आहे.

होमरला काय आठवत होतं

इलियड इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास आकाराला आलं, म्हणजे ७अच्या आगीनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. मधल्या काळात ग्रीसमध्ये लेखनकलाच नाहीशी झाली होती. जे टिकलं ते गाणाऱ्यांच्या तोंडी. दहाव्या सर्गात ग्रीक वीर ओडिसियस रानडुकराचे सुळे शिवलेलं शिरस्त्राण घालतो. तसली शिरस्त्राणं मायसीनीकालीन थडग्यांत मिळतात आणि होमरच्या काळात ती कुणी पाहिलेलीही नव्हती. ओळ टिकली म्हणून वस्तू टिकली. पण त्याच काव्यात वीरांचं दहन होतं, जेव्हा मायसीनीचे राजे पुरले जात. रथ लढायला असतात हे कवीला ठाऊक आहे, पण त्याचे योद्धे रथातून रणांगणात जातात आणि उतरून पायी लढतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: ट्रॉय ज्यांचं मांडलिक होतं, त्या हित्ती साम्राज्याचा होमरला पत्ताच नाही.

गाण्याची स्मृती अशीच चालते. फ्रान्सच्या रोलांच्या वीरगाथेत शत्रू मुस्लिम सैन्य आहे. ७७८ साली रॉन्सव्होच्या खिंडीत फ्रँक राजा शार्लमेनच्या पिछाडीवर तुटून पडले ते बास्क. लढाई खरी, जागा खरी, रोलां खरा, पण शत्रूच बदलला. कुणी फक्त ती गाथा हातात घेऊन त्या खिंडीत अरबी तलवारी शोधत बसला असता, तर शंभर वर्षं खणत राहिला असता.

हिसार्लिकमध्ये असंच झालं. प्रत्येकाने काव्यातलं युद्ध आधी मनात धरलं आणि मग त्याला साजेसा थर निवडला. मातीला तिचं म्हणणं आधी विचारलं असतं, तर तिने वेगळं सांगितलं असतं: इथे एक शहर होतं, ते पुन्हापुन्हा पडलं, कधी धरणीकंपाने, कधी आगीने, आणि त्याच्या भोवती दोन मोठ्या सत्तांची रस्सीखेच होती. म्हणून माझं मत असं की इलियडमधलं ते एकच महायुद्ध, सगळ्या ग्रीकांनी मिळून दहा वर्षं केलेलं, झालं नाही. विलुसाच्या तटाखाली ग्रीकांचा हात असलेल्या लढाया मात्र झाल्या, एकाहून जास्त झाल्या, आणि गाणाऱ्यांनी त्या एकात विणल्या. प्राचीन ग्रीसमध्येही इतिहासकार थ्युसिडिडीसने युद्ध झालं असं धरूनच ते काव्यात सांगितलंय तेवढं मोठं नसावं, असं लिहून ठेवलं होतं.

ब्लेगनबद्दल एक सांगायचं राहिलं. ट्रॉयचं काम आटोपल्यावर १९३९ साली त्याने ग्रीसमध्ये पायलोसचा राजवाडा खणायला घेतला आणि पहिल्याच दिवशी आगीत भाजून टणक झालेल्या मातीच्या पाट्या निघाल्या. १९५२ मध्ये मायकेल व्हेन्ट्रिसने त्यांवरची लिपी उलगडली. राजवाड्याचे हिशेब होते ते. त्यांत सातशेवर स्त्रियांच्या नोंदी आहेत, मुलांसकट: सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या, दळणाऱ्या. प्रत्येक गटापुढे धान्य आणि अंजिरांचा शिधा. काही गटांची ओळख त्यांच्या मुलखावरून दिली आहे: मिलेटसच्या, क्निडॉसच्या, ट्रॉयसमोरच्या लेम्नॉस बेटाच्या, आणि काही नुसत्याच 'आशियाच्या'. विकत आणलेल्या की लुटीत आलेल्या, ते पाटी सांगत नाही.

इलियडच्या सहाव्या सर्गात हेक्टर अँड्रोमाकीला म्हणतो की ट्रॉय पडेल याचं दुःख आहेच, पण मला सर्वांत जास्त छळतं ते हे, की तुला कुणीतरी ओढून नेईल आणि तू ग्रीसमध्ये दुसऱ्या बाईच्या हुकमाखाली मागावर बसून विणशील, कुठल्या तरी झऱ्यावरून पाणी वाहशील. पायलोसच्या पाट्यांवर त्या बायकांची नावं नाहीत. किती जणी, किती मुली, किती मुलगे, आणि किती अंजीर, एवढंच आहे.